आक्कांचं ताट आणि अल्माझचा तराजू

आक्का, तेरावं झालं. पाहुणे जीपनं आपापल्या गावी गेले, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला पोचली, आणि आता तुमच्याबद्दल खोटं बोलायला घरात कुणी उरलं नाही. म्हणून मी लिहायला बसले.

काय काय ऐकलं म्हणून सांगू या दिवसांत! 'आक्का म्हणजे गरीब गाय.' 'आक्कांचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही.' अहो, आपल्या शेजारच्या गोरेगावच्या बाजारात तुम्ही वांग्यांचा भाव पाडायला लागल्या की पलीकडचा कांदेवाला न विचारता आपला भाव उतरवायचा. गाय म्हणे! मी तोंडाला पदर लावून बसले होते. बायांना वाटलं, भावजय रडून राहिली. रडत होतेच, पण त्या गायीपाशी आल्यावर मला हसू आवरलं नाही, हेही खरं.

तुम्ही कुठं जन्मल्या, किती वर्षं जगल्या, मागं कोण कोण राहिलं, ते सगळं पेपरात येऊन गेलं. ते मी लिहिणार नाही. मला शाळा नाही, पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले, आणि तुम्हीच म्हणायच्या, "शांते, तुला शाळा न्हाई पन तोंड हाय." तर त्या तोंडानं जसं येईल तसं लिहिते. आपण दोघी उभी हयात एका चुलीपाशी भांडलो. मीठ कमी-जास्त, गाय विकावी की ठेवावी, थोरल्याला कुठली मुलगी बघावी, सगळ्यावर भांडलो आणि सगळी भांडणं मिटलीही. एकच मिटलं नाही. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही उठून गेल्या. हे काही बराबर केलं नाही.

ते भांडण तराजूचं.

तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. आपलं पुसेगाव परभणी जिल्ह्यात मोडायचं, आणि परभणीच्या शेतकी शिकवणाऱ्या सरांची जीप अधूनमधून आपल्या शेतावर यायची. नानांच्या ज्वारीवर त्यांचे काही प्रयोग चालायचे. (नाना म्हणजे तुमचा धाकटा भाऊ आणि माझे मालक. हे वाचणाऱ्यांसाठी. तुम्हाला काय सांगायचं!) एक दिवस त्या जीपमधून सरांच्या मागोमाग एक पोरगी उतरली. उंच, सावळी, डोक्यावर बारीक बारीक वेण्या. अंगात पंजाबी ड्रेस, तोही कुणाचा तरी मागून घातलेला असावा, कारण बाह्या कोपराशीच संपत होत्या. सर म्हणाले, ही अल्माझ. देश इथिओपिया, शिकते युरोपात. तिच्या शिक्षणात असं असतं की काही महिने परक्या मुलखात राहून प्रत्यक्ष काम करायचं आणि मग पास व्हायचं. तिनं आपला ज्वारीचा मुलूख निवडला. वर्ष-दीड वर्ष परभणीकडं येऊन-जाऊन मोडकं हिंदी शिकली आहे. आता राहायला एखादं चांगलं घर पाहिजे.

मी म्हटलं, "घर चांगलंच हाय. राहू द्या."

तुम्ही दाराआडून ऐकत होत्या. हातात सूप तसंच धरून पुढं आल्या आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

"पोरी, तुह्या देशात ज्वारी व्हती का?"

"होती है आक्का. बहुत."

"मंग इथं काहून आलीस? तिकडची सपली का?"

सर हसले. ती हसली नाही. म्हणाली, "वहाँ पिकती है. किस के पेट में जाती है, वो देखना सीखने आई."

त्या दुपारी तुम्ही तिच्या ताटात मुद्दाम हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. चांगला गोळाभर. तिनं भाकरीसोबत सगळा खाल्ला आणि आणखी मागितला. संध्याकाळी तुम्ही मला म्हणाल्या, "ठेचा खाऊन जिच्या डोळ्यातून टिपूस निघत न्हाई, ती परकी कशाची?" झालं. त्या दिवसापासून ती तुमची लेक. आमची पोरं हिंगोलीला शिकायला गेलेली, त्यांची खाट तिला मिळाली, आणि सकाळची साईसुद्धा तिलाच.

तिचं काम काय ते मात्र आपल्याला दोन-तीन दिवसांनी कळलं. शेतात किती पिकलं ते सगळेच मोजतात, सरकार मोजतं, व्यापारी मोजतो. तिला बघायचं होतं पुढचं. घरात आलेलं धान्य घरातल्या प्रत्येकाच्या ताटात पोचतं का? बापाच्या, पोराच्या, सुनेच्या, म्हातारीच्या? म्हणून ताट वाढून झालं की ते तराजूवर ठेवायचं, जेवून काही उरलं तर तेही ठेवायचं, आणि लिहून घ्यायचं. एका घराचं नाही, सगळ्या आळीचं, दिवसामागून दिवस.

तिनं पिशवीतून तो तराजू काढला. बसका, वर तबकडी, घड्याळासारखा काटा. चुलीशेजारी जमिनीवर ठेवला. तुम्ही भाकरीचं पीठ मळत होत्या.

"हे काय?"

"तराजू, आक्का. खाना इस पर रखेंगे, फिर…"

"उचल."

"आक्का, सिर्फ एक मिनट…"

"माह्या चुलीपाशी तराजू न्हाई. उचल म्हनते ना."

असा आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता. तो भांडणाचा आवाजच नव्हता. पाटावर बसलेले नाना न जेवता उठले आणि शेताकडं निघून गेले. अल्माझनं तराजू उचलला, पुसला आणि पिशवीत ठेवला. मग तुमच्याजवळ बसून भाकरी थापू लागली, जशी काही ती त्याचसाठी आली होती.

आपल्या घरी नाही तर नाही. ती आळीतल्या बाकीच्या घरांत गेली. तिथं कुणी नाही म्हणालं नाही. उलट! बातमी फिरली की परदेशी पाहुणी येऊन ताट तोलते आणि विलायतेत लिहून पाठवते. मग काय विचारता. आपल्या घरचं ताट हलकं भरलं असं दूरदेशी लिहून जाणार? जीव गेला तरी नाही! ज्या घरी तिचा दिवस, त्या घरी सण. कुणी पुरण घातलं, कुणी शेवयांची खीर केली. पलीकडच्या गिरजाबाईनं तर आपल्याच घरून तूप उसनं नेलं आणि तिच्यासमोर नातवाच्या भाकरीवर धार धरली. ज्या घरात सून मागच्या दारी बसून उरलंसुरलं खाते, त्या घरी सुनेला ठेवणीतलं लुगडं नेसवून पहिल्या पंगतीला बसवलं. त्यातली एक मला विहिरीवर म्हणाली, "काकू, ती पोरगी आमच्याच घरी राहायला धाडा की." हसता हसता माझा कळशीवरचा हात थांबला होता.

अल्माझला काही दिवस कळलंच नाही. ती आपली लिहीत राहिली. सर आले, त्यांनी कागद चाळले आणि आधी मोठ्यानं हसले.

"हे खरं मानलं तर पुसेगावात भूक नाही, नुसतं अजीर्ण आहे!"

मग हसायचे थांबले. म्हणाले, हे काही कामाचं नाही. लोक रोज काय खातात ते दाखवणार नसतील तर तिला वसमतकडं दुसऱ्या गावात हलवावं लागेल. तिथं नव्यानं घरं, नव्यानं ओळखी, आणि तिचे महिने तर सरत आले. काम पुरं झालं नाही तर ती हात हलवत परत जाईल. वर्ष वाया, आणि कदाचित तिच्या शिक्षणाला कुणी पैसा लावलाय तोही हात आखडता घेईल.

ती ओट्यावर बसून ऐकत होती. रडली नाही. तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि तुमच्याकडं न बघणं हे मागण्यापेक्षा जास्त होतं, हे तुम्हालाही कळलं, मलाही कळलं.

कारण आळीला कोण सांगणार होतं? सरपंचाचं बायांनी ऐकलं नसतं. सरांचं ऐकून मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरण घातलं असतं. तुमचं ऐकलं असतं. पण ज्या बाईच्या स्वतःच्या घरी तराजूला मनाई, ती दुसऱ्याला काय सांगणार?

मी परसात तुम्हाला गाठलं. आपण तुरीच्या शेंगा सोलत होतो.

"आक्का, तुमी एक बार म्हना. साऱ्या बाया ऐकतील."

"म्या म्हननार न्हाई."

"काहून?"

"खानाऱ्याचं तोंड बघावं. ताट तोलू नये. एवढं बी कळत न्हाई तिला?"

"अवो, तिच्या साऱ्या शिक्षनाचा सवाल हाय!"

"मंग दुसरं कायतरी शीक म्हनाव. शिवनकाम शीक. लेकरांना शाळा शिकव. दुनियेत तराजू सोडून काम न्हाई का?"

"तुमाला त्या तराजूची येवढी तकलीफ काहून?"

तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग शेंगांकडं बघून म्हणाल्या, "तू सोल."

आक्का, आता हे लिहिते. जिवंतपणी तुमच्यासमोर कधी बोलले नाही. तुम्हाला त्या तराजूची तकलीफ काहून, ते मला माहीत होतं. लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी नानांनी मला सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं की आक्काला कळू देऊ नकोस. तुमचं सासर वसमतकडं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि नवरा गेला. त्यानंतर सासू दुकानातली तागडी घरात घेऊन आली. रोज सकाळी तुमच्या वाट्याचं पीठ त्या तागडीत तोलून तुमच्या पदरात टाकायची, साऱ्या घरासमोर. एका पारड्यात पीठ, दुसऱ्यात दगड. दगड तिनंच निवडलेला. भाऊबीजेला नाना तुम्हाला भेटायला आले होते, मिसरूड फुटायचं वय त्यांचं. त्यांनी ते बघितलं. ओवाळून घेतलं नाही, पाणी प्यायले नाहीत. तुमचा हात धरला आणि तसेच निघाले. तुमचं लुगड्यांचं गाठोडंसुद्धा तिथंच राहिलं.

म्हणून ते त्या दिवशी पाटावरून उठले होते. म्हणून मी शेंगा सोलत गप्प बसले. मी जर म्हटलं असतं, 'मला ठाऊक आहे,' तर भांडण मी जिंकले असते. पण तसं जिंकून मला त्या घरात राहता आलं नसतं.

पुढं जे झालं ते तुमच्या नाही, माझ्या नाही, त्या पोरीच्या हातून झालं.

एकदा तिनं तिच्या देशातल्या भाकरीसाठी ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवलं होतं. तुम्ही झाकण उघडलं आणि ओरडल्या, "अगं, आंबलं तुह्यं पीठ! टाकून देते."

"नहीं आक्का! आंबायलाच पाहिजे!" ती पळत आली. इतकं मराठी तिला तुमच्यामुळंच आलं होतं. तुम्ही पुन्हा वास घेतला. "आंबिलीसारखा हाय," म्हणालात. आणि मग तुमचं त्यात लक्ष लागलं. तवा किती तापवायचा, झाकण कधी ठेवायचं, तुम्ही तिला आणि ती तुम्हाला शिकवू लागली. मोठमोठी मऊ धिरडी झाली, जाळी पडलेली. सोबत मिरची घातलेली घट्ट डाळ. ती सगळी धिरडी तिनं आपल्या पुरणाच्या मोठ्या परातीत पसरली, मधोमध डाळ ओतली आणि म्हणाली, बसा. सगळे. एकाच ताटात.

नाना असे बसले की एक गुडघा परातीकडं आणि तोंड दाराकडं. बायको आणि बहिणीसोबत एका ताटात जेवायची त्यांना काय सवय! मी बसले. तुम्ही चुलीपाशीच.

"आक्का, आओ."

"तुमी जेवा. मी मागून बसते."

"हमारे यहाँ मागून कोई नहीं बैठता." आणि तिनं हात मांडीवर ठेवले. वाफ निघून चालली, पण ती हात लावीना, आणि ती लावीना म्हणून आम्हालाही लावता येईना. शेवटी नाना म्हणाले, "आक्का, ये की, भूक लागली मला." तुम्ही आलात. बसल्यात.

आणि त्या पोरीनं काय केलं? धिरड्याचा तुकडा तोडला, त्यात डाळ गुंडाळली, चांगला मोठा घास केला आणि तुमच्या तोंडाशी नेला.

"हे काय गं? मला हात न्हाईत का?"

"हमारे यहाँ जो प्यारा है, उसको ऐसे देते हैं. अपने हात से. मना नहीं करते."

तुम्ही मान मागं घेतली. तिनं हात तसाच धरला. मी म्हटलं, "आक्का, पोरीचा हात दुखेल."

तुम्ही तोंड उघडलं.

तो घास तुम्ही किती वेळ चावत होत्या! नानांना अचानक दाराबाहेरच्या बैलांचं काही बघायचं होतं. मी परातीतल्या डाळीकडं बघत राहिले. घास गिळून झाल्यावर तुम्ही तिला विचारलं, आणि आवाज भांडणाचा होता, तुमचा नेहमीचा, मला बरं वाटलं.

"एका ताटात खानाऱ्यांची तू. आन दुसऱ्याचं ताट तोलायला काहून आलीस?"

तिनं सांगितलं. काही हिंदीत, काही मराठीत, काही नुसतं हातानं. ती लहान असताना त्यांच्या मुलखात मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही, पीक नाही, माणसं चालत चालत रस्त्यात पडायची. तिची आई तिला घेऊन एका छावणीत पोचली. तिथं लेकरांना तराजूत बसवायचे, झोळीसारखा टांगलेला तराजू. ज्याचं वजन भरायचं त्याला थोडं थांब म्हणायचे. ज्याचं कमी, त्याला आधी दूध, आधी खायला. तिला बसवलं. काटा फार हललाच नाही. तोलणाऱ्या बाईनं तिला उचलून सरळ दुधाच्या रांगेत पुढं नेलं.

"तराजू ने मुझे बचाया, आक्का," ती म्हणाली. "तोला नहीं होता तो किसी को दिखता नहीं, कौन भूखा है."

तुम्ही पाणी प्यायल्या. भांडं खाली ठेवलं. परातीतलं सगळं संपेपर्यंत बसून राहिल्या, आणि तुम्ही आमच्यासोबत बसून पूर्ण जेवण केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी चपला घातल्या आणि आळीत निघाल्या. मी मागोमाग. प्रत्येक दारात उभं राहून तेच.

"गिरजे, उद्यापासून घरात रोज व्हतं तेच करायचं. पिठलं तर पिठलं, कण्या तर कण्या."

"अवो आक्का, पन ते विलायतेत लिहून जाईल ना! लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. तुह्या घरी पुरन शिजलेलं म्या आता बघितलं तर ते माह्याकडं आनून द्यायचं, परातीसकट. आन सुनंला रोज जिथं बसवतीस तिथंच बसव. मंग बघू कोनाची मान खाली जाते ती."

गिरजाबाईची तेव्हाच गेली खाली. तुम्ही असं बोलायच्या, आणि लोक म्हणतात गाय!

संध्याकाळी अल्माझनं तराजू चुलीपाशी ठेवला, भीत भीत. तुम्ही स्वतःचं ताट उचललं आणि सगळ्यांच्या आधी त्यावर ठेवलं. "आधी माह्यं." नजर काट्याकडं नाही, चुलीकडं होती तुमची. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

काही दिवसांनी अल्माझ ओट्यावर कागद घेऊन बसली. आळीचं काम नीट चाललं होतं, सर खूश होते, आता हलायची गरज नव्हती. मी सहज विचारलं, आमच्या घराचं काय निघालं गं? तिनं आधी टाळलं. मग दाखवलं. नानांच्या ताटाच्या निम्मंसुद्धा तुमचं ताट नव्हतं. माझ्याहूनही फार कमी. साऱ्या आळीत, ज्या सुना मागच्या दारी जेवायच्या, त्यांच्यासोबत तुमचा नंबर लागत होता. आक्का, धान्याची कोठी तुमच्या ताब्यात, किल्ली तुमच्या कनवटीला, वाढणाऱ्या तुम्ही!

नाना उठून आत गेले.

"आक्का, ह्या घरात तुला कुनी अडवलं?"

"कुनी न्हाई."

"शांता काही बोलली?"

"ती बोलंल? मी तिला बोलू देते का?"

"मंग?"

तुम्ही भांडी घासत होत्या, घासतच राहिल्या. "मला तेवढंच लागतं, नाना. सवय हाय."

नाना भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ज्या घरातून पोरवयात त्यांनी तुम्हाला हाताला धरून आणलं, त्या घरचा दगड त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या समोर, इतकी वर्षं रोज पारड्यात पडत होता आणि त्यांना दिसला नव्हता. त्यांचे खांदे हलू लागले तशा तुम्ही राखेच्या हातानं त्यांना ढोसलं. "रडू नको त्या पोरीसमोर. ते बी लिहून घेईल ती."

त्याच संध्याकाळी मी तुमच्या हातातून वाढायची पळी काढून घेतली. म्हटलं, उद्यापासून तुमचं ताट मी वाढणार. आणि इथून ते भांडण सुरू झालं, जे तुम्ही अर्ध्यावर टाकून गेल्या.

मी भाकरी वाढायची, माझी पाठ वळली की तुम्ही ती टोपल्यात परत टाकायच्या. मी समोर बसायला लागले, तर तुम्ही कुत्र्याला घालायच्या. ते कुत्रं किती माजलं होतं आठवतं? "तू मला खाऊ घालून मारशील शांते." "न खाऊ घालता मरन्यापेक्षा बरं." रोज, अगदी रोज. तुमचं म्हणणं एकच: मला तेवढंच लागतं. माझं म्हणणं: लागत नव्हतं, लावून घेतलं होतं. तुम्ही कधी मान्य केलं नाही. मीही माघार घेतली नाही, आणि घेणार नाही, आज तुम्ही नसल्या तरी.

अल्माझ गेली. तिचं काम मान्य झालं, चांगल्या शेऱ्यानं. सरांनी मुद्दाम येऊन सांगितलं. पुढं ती तिच्या देशात लहान लेकरांच्या आहाराचं काम करू लागली. काही वर्षांनी, हिंगोली जिल्हा झाल्यावर, शेजारच्या तांड्यावरची एक पोरगी परभणीला शेतकी शिकत होती, तिलाच अल्माझकडं तसंच काही महिने शिकायला पाठवलं. तांड्यातून विमानात बसणारी पहिलीच ती. जायच्या आधी तुमच्या पाया पडायला आली. तिला कुणी पैसा दिला, कुणी स्वेटर. तुम्ही काय दिलंत? सल्ला. "तिथं कुनी घास भरवला तर तोंड उघडायचं. माह्यासारखं बसून राहायचं न्हाई." ती पोरगी परत आली, आता आपल्याच जिल्ह्यात नोकरी करते, तेराव्याला येऊन पंगतीत वाढत होती. बायांना आधी जेवायला बसवून. कुणी काही बोललं नाही तिला. तुमच्या तालमीतली दिसते.

अल्माझला मी फोनवर सांगितलं तुम्ही गेल्याचं. मग मी ती तागडीची गोष्टही सांगितली. म्हटलं, आता सांगायला हरकत नाही. ती म्हणाली, "मुझे पता था." मी म्हटलं, कुणी सांगितलं गं? ती म्हणाली, कुणी नाही. "जिसको तोल के मिला है, उसको मैं पहचानती हूँ." म्हणजे तिला माहीत, नानांना माहीत, मला माहीत, आणि तुम्ही एकट्याच ते लपवत बसलेल्या. आक्का, आक्का!

तर हे सगळं बोलायचं राहिलं होतं, ते बोलले. आणि आता ती एक गोष्ट, जी तुमच्यानंतर मी कुणालाच सांगितलेली नाही, नानांनाही नाही.

तुम्ही खाटेला लागल्या त्याच्या जरा आधीची दुपार. आभाळ भरून आलं होतं म्हणून मी घाईत होते, वाळवण उचलायचं होतं. तुमच्यापुढं ताट ठेवलं. भाकरी, अंबाडीची भाजी, वर थोडं तेल. नेहमीसारखी समोर बसले नाही. वाळवण आत घेऊन आले तर ताट रिकामं. मी सवयीनं टोपल्यात बघितलं, भाकरी परत गेली की काय म्हणून. नव्हती. कुत्रं बाहेर झोपलेलं.

तुम्ही ताट माझ्याकडं सरकवलं.

"आनखी अर्धी दे."

मी उभीच राहिले. इतक्या वर्षांत तुम्ही बाकी काहीही मागितलं असेल, अन्न कधी मागितलं नव्हतं.

"बघून काय राहिलीस? न्हाई का?"

"हाय की," मी म्हटलं.

नव्हती. टोपलं रिकामं होतं. मी आत गेले, विझत आलेली चूल फुंकली, मूठभर पीठ घेतलं आणि भाकरी थापली. अर्धी कशाची, पूर्ण थापली. फुगली चांगली. ताटात ठेवली तेव्हा तुम्ही म्हणालात, "अर्धी म्हनलं व्हतं म्या." आणि खाल्ली. सगळी.